समुद्राचा अभ्यास आधी झाला, मग आपल्या माळाचा कधी?

आजची पोस्ट मोठी आहे, आणि विषय पहिल्यांदा जरा विचित्र वाटेल: समुद्रातल्या पवनचक्क्या. मुरूमहून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटरच्या पुढं. आपल्याकडं बेनितुरा भरलं तरी समुद्र बघितल्यासारखं वाटतं! मग त्या समुद्रातल्या पंख्यांशी आपलं काय देणंघेणं?

देणंघेणं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या धाराशिव जिल्ह्यात वाशी, भूम, कळंब, तुळजापूर या बाजूला पवनचक्क्यांचं जाळं उभं राहतंय. त्यावरून भांडणं आहेत, मोर्चे आहेत, मोबदल्याचे वाद आहेत. आणि याच काळात, याच सरकारच्या याच खात्यानं समुद्रात पवनचक्की उभारण्याआधी काय काय अभ्यास केला, हे बघितलं की डोळे उघडतात. तिथं एकही पंखा फिरायच्या आधी वर्षानुवर्षं मोजमाप झालं. इथं पंखे आधी फिरले. हा फरक का पडला, त्याचा इतिहास सांगतो.

सुरुवात एका बाईपासून करू. नाव अण्णा मणी. आपल्याकडं अण्णा म्हटलं की धोतर-टोपीतला माणूस डोळ्यापुढं येतो, पण या केरळच्या. जन्म १९१८ चा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, १९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि हवामानाची यंत्रं कशी बनवतात, कशी तपासतात ते शिकून आल्या. १९४८ मध्ये पुण्याला भारतीय हवामान खात्यात रुजू झाल्या. पुण्यात शिवाजीनगरला 'शिमला ऑफिस' म्हणतात ना, ते हेच खातं. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव पडलं.

तेव्हा देशात साधं हवामान मोजायचं यंत्रसुद्धा बाहेरून यायचं. अण्णा मणींनी सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथंच बनायला लागली. त्यांचा आग्रह एकच असायचा: चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, आणि खरं म्हणजे आपल्या विषयाचं काम तिथून पुढंच सुरू झालं.

१९७३ चं तेलसंकट येऊन गेलं होतं. सरकारला वाटू लागलं की उन्हापासून आणि वाऱ्यापासून वीज काढता येईल का बघावं. पण वारा नेमका कुठं किती वाहतो? हवामान खात्याकडं आकडे होते, पण ते यंत्र बहुतेक ठिकाणी जमिनीपासून दहा मीटरवर, त्यातही आजूबाजूला झाडं आणि इमारती वाढलेल्या. पाऊस-पाण्याच्या अंदाजाला ते चालायचं, पवनचक्कीला चालत नाही. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं देशभर वारा मोजायची मोहीम काढली. काम सोपवलं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या बंगळूरमधल्या क्षेत्रीय केंद्राकडं आणि मोहिमेच्या प्रमुख झाल्या अण्णा मणी. साठी ओलांडलेली बाई, देशभर उघड्या डोंगरांवर आणि किनाऱ्यांवर मनोरे उभे करून तासातासाची नोंद घ्यायला लावायची. त्या नोंदींचे जाडजूड खंड निघाले. भारतातल्या पवनऊर्जेचा पाया म्हणजे ते खंड. पुढं १९९८ मध्ये चेन्नईला पवनऊर्जेचं वेगळं सरकारी केंद्र निघालं, तीच आजची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था. अण्णा मणी २००१ मध्ये गेल्या.

हे मोजमाप एवढं महत्त्वाचं का? गणित साधं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. सेकंदाला सहा मीटरचा वारा आणि सात मीटरचा वारा यात आपल्या अंगाला फरक कळणारही नाही. पण पंख्याला सातच्या वाऱ्यात दीडपटीपेक्षा जास्त ताकद मिळते. उलट वेग मोजताना दहा टक्के जास्त धरला असेल, तर प्रत्यक्षात वीज सुमारे पंचवीस टक्के कमी निघते. कारखान्याचं दिवाळं निघायला तेवढं पुरे. म्हणून पैसा लावणारा माणूस वारा मोजल्याशिवाय पैसा लावत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पहिल्या सरकारी पवनचक्क्या १९८६ च्या सुमारास किनाऱ्यावर लागल्या. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतीकोरीन आणि आपल्या कोकणचा किनारा. एकेक पंखा ५५ किलोवॅटचा. आजच्या हिशोबानं खेळणंच. देवगडला फिरायला गेलेल्यांनी तिथल्या टेकडीवरच्या पवनचक्क्या बघितल्या असतील. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या शेवटी साताऱ्यात, कोयनेच्या वरच्या पठारावर वनकुसवडे, चाळकेवाडी या भागात खासगी पंखे उभे राहिले. शेकड्यांनी. त्या काळी आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत त्याचं नाव घेतलं जायचं. मग धुळ्याकडं ब्राह्मणवेल. मराठवाडा तेव्हा या नकाशात फारसा नव्हता.

मग आपला नंबर कसा लागला? मनोरे उंच झाले म्हणून. जमिनीजवळ वारा झाडाझुडपांना, घरांना, चढउताराला घासून मंदावतो. जितकं वर जाल तितका तो मोकळा. पवन ऊर्जा संस्थेचे आकडे बघा. १०० मीटर उंचीवर मोजलं तेव्हा महाराष्ट्राची क्षमता सुमारे ४५ गिगावॅट निघाली. १२० मीटरवर तीच सुमारे ९८ गिगावॅट. १५० मीटरवर १७४ च्या आसपास. (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट.) वारा तोच, माळ तोच, फक्त शिडी उंच झाली. जिथं पूर्वी पंखा परवडत नव्हता तिथं परवडायला लागला. बालाघाटच्या रांगा आणि त्यावरचे उघडे माळ अचानक मोलाचे झाले. ही वीज वाहून न्यायला आपल्या जिल्ह्यासाठी, एक गिगावॅटच्या हिशोबानं, कळंबला मोठं उपकेंद्र मंजूर झालं. म्हणजे हे दोन-चार पंख्यांचं काम नाही. जिल्ह्याचं रूप बदलणारी गोष्ट आहे.

आता समुद्राकडं वळू.

समुद्रातली जगातली पहिली पवनचक्की रांग डेन्मार्कनं १९९१ मध्ये उभी केली. विंडेबी नावाच्या गावाजवळ, ११ पंखे, एकेक ४५० किलोवॅटचा. समुद्रात का? तिथं वाऱ्याला अडवायला काही नाही, म्हणून तो जोराचा आणि सलग असतो. पण समुद्र म्हणजे रिकामी जागा नव्हे. मासे, पक्षी, मासेमार, जहाजांचे रस्ते, सगळं तिथं आहे. म्हणून २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह इथं ८० पंखे आणि २००३ मध्ये न्यूस्टेड इथं ७२ पंखे उभारायच्या आधीच, १९९९ पासून, डेन्मार्क सरकारनं पर्यावरणाचा अभ्यास सुरू केला. तो २००६ पर्यंत चालला. आधी काय होतं, बांधकाम चालू असताना काय झालं, नंतर काय झालं, तिन्ही वेळा मोजलं. आणि त्याचा खर्च आला कुठून? वीज ग्राहकांच्या बिलातून. लोकांच्या पैशानं अभ्यास, म्हणून निष्कर्षही लोकांपुढं खुले.

निघालं काय? समुद्री बदकं रडारवर बघितली तर बहुतेक थवे पंख्यांना वळसा घालून जात होते. पंख्यांच्या इतकं जवळ जाणारी की आपटायची भीती, अशी एक टक्क्याहूनही कमी. पॉर्पॉइज म्हणून डॉल्फिनसारखा छोटा प्राणी आहे. खांब ठोकायच्या आवाजानं तो पळून गेला. एका ठिकाणी काम संपल्यावर परत आला, दुसऱ्या ठिकाणी परतायला फार वेळ लागला. म्हणजे निष्कर्ष 'सगळं छान' असाही नाही आणि 'सगळं वाटोळं' असाही नाही. कुठं काय होतं ते जागेवर अवलंबून. पण मोजलं म्हणून तर कळलं. त्यामुळं पुढं जगभर खांब ठोकताना आवाज कमी कसा करायचा, कोणत्या महिन्यात काम करायचं, याचे नियम आले.

भारतानं समुद्री पवनऊर्जेचं धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये अधिसूचित केलं. पवन ऊर्जा संस्थेला मुख्य जबाबदारी दिली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याबाहेर प्रत्येकी आठ पट्टे प्राथमिक पाहणीत निवडले. दोन्ही मिळून सुमारे ७० गिगावॅटची शक्यता धरली. महाराष्ट्राला एवढा लांब किनारा असून पहिल्या यादीत आपला एकही पट्टा नाही, हेही लक्षात घ्या.

मग नोव्हेंबर २०१७ मध्ये खंभातच्या आखातात, पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटर आत समुद्रात, एक खांब रोवून त्यावर लायडार नावाचं यंत्र बसवलं. हे यंत्र लेसरचा किरण वर सोडतं. हवेत जे धूळकण, बाष्पकण वाहत असतात त्यांच्यावरून किरण परत येतो, त्यावरून कोणत्या उंचीवर वारा किती वेगानं चाललाय ते कळतं. म्हणजे शंभर-दीडशे मीटरचा मनोरा न उभारताही त्या उंचीचा वारा मोजता येतो. अण्णा मणींच्या फिरत्या वाट्यांच्या यंत्राचा हा नातूच म्हणा. दोन वर्षं नोंद घेतली. १०० मीटरवर सरासरी वेग सेकंदाला साधारण साडेसात मीटर निघाला. सोबत समुद्रतळाची पाहणी झाली, तळाखालची माती किती भार पेलेल ते तपासलं, लाटा आणि प्रवाह मोजले, आणि पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा एक जलद अभ्यासही करून घेतला. तमिळनाडूकडं तर आणखी नाजूक मामला. मन्नारचं आखात हे राखीव जीवावरण आहे आणि शेजारच्या पाल्क उपसागरात २०२२ मध्ये डुगाँग म्हणजे समुद्रगायीसाठी भारतातलं पहिलं राखीव क्षेत्र जाहीर झालं. तिथं पंखे लावायचे तर जपूनच.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या कामाला ७,४५३ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातले ६,८५३ कोटी एक गिगावॅट पंख्यांसाठी, निम्मे गुजरातजवळ आणि निम्मे तमिळनाडूजवळ. ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. २०१८ मध्ये उद्दिष्ट सांगितलं होतं २०२२ पर्यंत पाच गिगावॅट. ते हुकलं. समुद्रातला पहिला व्यापारी पंखा अजून लागायचाच आहे.

कोणी म्हणेल, बघा, अभ्यासात वेळ घालवला आणि हाती भोपळा! त्यावर पुढं बोलतो. आधी आपल्या माळाची गोष्ट.

जमिनीवर पवनचक्की उभारायला पर्यावरण परवानगीच लागत नाही. २००६ ची केंद्राची पर्यावरण आघात अधिसूचना आहे. खाण, धरण, औष्णिक वीज, मोठे रस्ते, अशा कामांना आधी अभ्यास आणि जनसुनावणी लागते ती याच अधिसूचनेमुळं. त्या यादीत पवनऊर्जा नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं उद्योगांची रंगवार वर्गवारी केली. लाल, नारिंगी, हिरवा आणि त्याहून निरुपद्रवी म्हणून पांढरा असा नवा गट. पवनऊर्जा पांढऱ्या गटात. धूर नाही, राख नाही, सांडपाणी नाही, म्हणून पांढरा. वनजमीन असली तर वनखात्याची परवानगी लागते, तेवढंच.

धुराच्या बाबतीत हे बरोबरच आहे. परळीच्या राखेचा त्रास ज्यांनी बघितलाय त्यांना पवनचक्की देवासारखी वाटेल. पण धूर नाही म्हणजे परिणाम नाही, असं होत नाही. हे आपल्याच साताऱ्यातल्या चाळकेवाडीनं दाखवून दिलं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्यासोबत अमोद झांबरे, हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पठार एकच, काही भागात पंखे, काही भागात नाहीत. म्हणजे तुलना करायला आयती जागा. पंखे नसलेल्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे घारी, ससाणे वगैरे, जवळपास चौपट आढळले. शिकारी कमी झाले म्हणून पंख्याखाली सरडे वाढले. बरं झालं म्हणाल, तर थांबा. गर्दी वाढल्यामुळं ते सरडे हडकले. भीती कमी झाल्यानं त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं, माणूस जवळ गेला तरी लवकर पळेनात, आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचा रंगही फिका पडला. हा सरडा साधासुधा नाही. त्याच्या जातकुळीला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नावच 'सरडा' असं दिलं, आपल्या मराठीवरून. मराठी नावाचा प्राणी, मराठी पठार, आणि त्याच्यावर काय बेतलं ते कळलं पंखे लागल्यावर पंधरा-वीस वर्षांनी.

तोपर्यंत भीमाशंकरचंही झालं होतं. अभयारण्याला लागून डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या आल्या, त्यासाठी घाटातून रस्ते कापले, झाडं गेली. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीनं आपल्या अहवालात त्याची दखल घेतली. पण दखल नंतरची. रस्ता आधीचा.

आणि नुसता पंखाच नसतो, त्याच्या ताराही असतात. राजस्थानच्या वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेनं विजेच्या तारांखाली मेलेले पक्षी मोजले. सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी तारांना धडकून मरत असावेत, असा त्यांचा अंदाज आला. त्यात माळढोकही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये कोर्टानं तारा जमिनीखालून न्या म्हणून आदेश दिला, मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. म्हणजे तिथंही आधी तारा, मग मोजणी, मग कोर्ट.

माळढोक म्हटलं की आपल्याला सोलापूरजवळचं नान्नज आठवतं. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळ होतं, नंतर कापून सव्वाबाराशेच्या आसपास आणलं. माळढोक गेला तो पवनचक्कीमुळं नाही. शिकार झाली, माळ मोडले, म्हणून गेला. पण माळावर अजून लांडगा आहे, खोकड आहे, काळवीट आहे, घारी-ससाणे आहेत. आपण त्याला 'पडीक' म्हणतो. कागदावरही 'पोटखराब' लिहितो. पडीक म्हटलं की मोजायची गरजच संपली!

आता मूळ प्रश्न. समुद्राला अभ्यास आणि माळाला नाही, असं का?

माझं म्हणणं असं. समुद्र कुणाच्या सातबारावर नाही. तो सरकारचा. तिथं जागा भाड्यानं द्यायची तर सरकारच मालक, सरकारच कूळ शोधणार. शिवाय समुद्रात खर्च इतका की सरकारनं आधी वारा मोजून, तळ तपासून दिल्याशिवाय कंपनी पुढं येत नाही. मघाशी म्हटलं ना, पैसा लावणारा मोजल्याशिवाय लावत नाही. म्हणून मालकालाच मोजावं लागलं.

माळ मात्र तुमच्या-माझ्या नावावर. तुकड्या-तुकड्यात. कंपनीला एका पंख्याला जेवढी जागा लागते तेवढीसाठी एका शेतकऱ्याशी बोलायचं, रस्त्याला दुसऱ्याशी, तारेच्या खांबाला तिसऱ्याशी. प्रत्येक व्यवहार वेगळा, प्रत्येकाचा दर वेगळा, कुणाला काय मिळालं ते शेजाऱ्याला ठाऊक नाही. वारा कंपनी मोजते, आकडे कंपनीच्या कपाटात. संपूर्ण तालुक्यात मिळून किती पंखे येणार, किती रस्ते होणार, त्याला मुरूम कुठून खणणार, ओढे कुठं अडणार, हे एकत्र बघायचं काम कुणाचंच नाही. आणि जिथं उघड, सरकारी, सगळ्यांना दिसणारी पद्धत नसते तिथं मधले लोक शिरतात. दलाल शिरतात, गुंड शिरतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्या तपासात पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीचा विषय आला. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण महाराष्ट्र हादरला तो कशाच्या भोवती, हे विसरू नका.

मोजणी आधी नसली की काय होतं, हे उमरगा-लोहाऱ्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत भूकंपाच्या सरकारी नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ मध्ये किल्लारीला धक्के जाणवले होते, तरी नकाशा तोच. किल्लारी गेली, तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं सास्तूर गेलं, हजारो माणसं गेली. मग शास्त्रज्ञ आले, खोल बोअर घेतले, यंत्रं बसवली, आणि २००२ मध्ये नकाशा बदलून आपण वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेलो. पवनचक्की आणि भूकंप यांची बरोबरी करत नाही. सांगायचं इतकंच की नंतरचा अभ्यास हा पुढच्यांच्या कामाचा असतो, झालेल्यांच्या नाही.

आता ती शंका. अभ्यासात वेळ जातो, तोवर कोळसा जळत राहतो, ऊन वाढत राहतं. खरी गोष्ट आहे. मराठवाड्याइतकं ऊन-दुष्काळ कुणी सोसलंय? आपल्याला वाऱ्याची वीज हवीच. पण समुद्रातला उशीर अभ्यासामुळं झाला असं म्हणता येत नाही. वारा दोन वर्षांत मोजून झाला होता. अडलं ते खर्चावर. तिथली वीज महाग पडते, म्हणूनच हजारो कोटींचं अनुदान द्यावं लागलं. उलट इकडं अभ्यास नसल्यामुळं वेळ वाचतो का? कामं बंद पडतात, रस्ते अडवले जातात, पोलीस बंदोबस्त लागतो, कोर्टकचेऱ्या होतात. आधी दोन हंगाम मोजलं असतं तर यातलं निम्मं भांडण झालं नसतं.

आणि समुद्राचा अभ्यास म्हणजे आदर्श असंही नाही. 'जलद' अभ्यास हा जलदच असतो. सगळे ऋतू, सगळे मासे त्यात येत नाहीत. मासेमारांना किती विचारलं हाही प्रश्न आहेच. पण निदान अभ्यास करायचा असतो, हे तत्त्व तिथं मान्य आहे. माळावर तेवढंही नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, जिल्ह्याचा एकत्रित अभ्यास. एकेका पंख्याचा नको, सगळ्यांचा मिळून. वारा, पाणी, ओढे, रस्ते, पक्षी, चराई, आवाज. खर्च सरकारनं करावा आणि अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. समुद्रासाठी पैसा निघतो तर माळासाठीही निघेल.

दुसरी, आहेत ते नियम तरी पाळा. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पंखा नको. वस्तीवर, शेतातल्या घरात राहणाऱ्यांनी हे माहीत करून घ्या. मोजपट्टी घ्या आणि मोजा. सही करायच्या आधी करारनामा मराठीत मागा, वकिलाला दाखवा.

तिसरी, आपल्या हातातली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत जैवविविधता समिती हवी आणि तिनं लोकांच्या मदतीनं गावाची जैवविविधता नोंदवही करायची. म्हणजे आपल्या मुरूम नगरपरिषदेनंही. बऱ्याच ठिकाणी ही वही कुणाला तरी पैसे देऊन एकाच छापाची भरून घेतात. ती खरी भरली तर तोच आपला 'आधीचा' अभ्यास. आपल्या माळावर कोणता पक्षी कधी येतो, कोणत्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असतं, हे आपल्या मेंढपाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना जितकं ठाऊक आहे तितकं कुठल्या संस्थेला नाही. फक्त ते कागदावर नाही. उद्या पंखा आलाच, तर 'आधी काय होतं' हे दाखवायला तोच कागद लागणार.

वारा आपला आहे. पण जोवर तो दुसराच कुणी मोजतो आणि आकडे दुसऱ्याच्या कपाटात राहतात, तोवर त्याचा भावही दुसराच ठरवणार.

तुमच्या गावाच्या आसपास पवनचक्की आली असेल, किंवा माणसं जमीन बघायला येऊन गेली असतील, तर खाली लिहा. गाव, साल, घरापासून अंतर, आधी कुणी काही पाहणी केली होती का, एवढंच. शिव्या नकोत, नावं नकोत. माहिती लिहा. आणि आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन नोंदवही एकदा उघडून बघा, तिच्यात काय लिहिलंय तेही सांगा. सगळं एकत्र करून पुढची पोस्ट त्यावरच लिहीन.